जाहिरात 'बघू' नका, वाचा

आपल्या बोलण्यातली एक गंमत तुमच्या कधी लक्षात आलीय का? पेपरातली बातमी आपण वाचतो. अग्रलेख वाचतो, राशिभविष्य वाचतो, अगदी निधनवार्तासुद्धा वाचतो. पण जाहिरात मात्र आपण 'बघतो'. 'अगं, साड्यांच्या सेलची जाहिरात बघितलीस का?' असंच आपण एकमेकींना विचारतो. 'जाहिरात वाचलीस का?' असं विचारणारी मैत्रीण मला अजून भेटायची आहे.

जाहिरात देणाऱ्याला नेमकं हेच हवं असतं. शब्दांत लिहिलं तर उद्या ज्याचं उत्तर द्यावं लागेल, ते तो चित्राकडून बोलून घेतो. शब्द मात्र जपून, तोलून मापून लिहितो. म्हणजे चित्र वचन देतं आणि शब्द त्या वचनातून अलगद अंग काढून घेतात. दोघं मिळून फसवतात, पण पकडायला गेलं तर दोघांपैकी एकही हाती लागत नाही.

तुम्ही म्हणाल, एवढं काय त्यात? जाहिरात म्हटली की थोडं मीठमसाला लावून सांगणारच. साबणाच्या किंवा साडीच्या बाबतीत मीही तसंच म्हणेन. पण हा खेळ किती महागात पडू शकतो, ते आमच्या बचत गटात मी जवळून बघितलंय.

सोलापूरच्या पूर्व भागातल्या आमच्या गटात बहुतेक बायका बिड्या वळणाऱ्या आहेत. मांडीवर सूप घेऊन दिवसभर बैठं काम. घरात बोलणं तेलुगू, बाहेर मराठी. त्यातल्या पन्नाशीच्या एकीला बरीच वर्षं मधुमेह आहे. सिव्हिलमधून गोळ्या आणायची, वेळेवर घ्यायची. मध्येच तिने गोळ्या बंद केल्या आणि पेपरात जाहिरात आलेली एक पावडर पैसे भरून मागवली. काही महिन्यांत चप्पल चावून झालेली पायाची जखम चिघळली आणि डाव्या पायाचा अंगठा काढून टाकावा लागला. मी भेटायला गेले तेव्हा विचारलं, "गोळ्या बंद करायला सांगितलं कुणी तुला?" ती म्हणाली, "पेपरातल्या डॉक्टरांनीच सांगितलं की वो ताई!"

जाहिरातीचा तो कागद तिने जपून ठेवला होता. मी तो दोनदा वाचला. 'गोळ्या बंद करा' असं त्यात एका अक्षरानेही लिहिलेलं नव्हतं. मधुमेह बरा होतो, असंही नव्हतं. ठळक अक्षरांत होतं, 'आता आयुष्यात गोडवाच गोडवा!' खाली 'नैसर्गिक घटकांनी युक्त'. बस्स. पण चित्रात काय होतं? पांढरा कोट घातलेला, गळ्यात स्टेथोस्कोप अडकवलेला एक हसरा माणूस. फोटोखाली नाव नाही, डिग्री नाही. शेजारी ताजी कारली आणि जांभळं. नातवाच्या हातून जिलेबी खाणारे आजोबा. आणि एका कोपऱ्यात गोळ्यांचं पाकीट, त्यावर लालभडक फुली. अगदी तळाला तांदळाच्या कणीएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'चित्रे केवळ प्रातिनिधिक. परिणाम व्यक्तीनुसार बदलू शकतात. डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.'

ही बाई चौथीपर्यंत शिकलेली, तीही तेलुगू माध्यमात. मराठी अक्षरं जुळवत जुळवत वाचते. तिने चित्र वाचलं. आणि खरं सांगायचं तर बरोबर वाचलं! डॉक्टर म्हणतोय गोळ्यांवर फुली मार आणि जिलेबी खा, हाच त्या चित्राचा अर्थ होता. दुसरा कुठला अर्थ मलाही लावता आला नाही.

तिला अडाणी म्हणून मोकळं होता येणार नाही. चित्रावर विश्वास ठेवायला बाजारानेच आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या शिकवलंय. 'छाप' हा आपला शब्दच बघा ना. 'घोडा छाप काडेपेटी द्या' असं म्हणणाऱ्याला अक्षरओळख असायची गरज नव्हती. पूर्वी कापडाच्या ताग्यांवर रंगीत लेबलं चिकटवलेली असत. त्यावर देवदेवता, राजेराण्या, हत्ती, वाघ. गिऱ्हाईक त्या चित्रावरून माल ओळखायचं आणि पुन्हा तोच मागायचं. बिडीच्या बंडलाचंही तेच. तिथे चित्र हीच मालाची सही होती, आणि ज्याला वाचता येत नाही त्याची फसवणूक त्या सहीमुळे टळायची. चित्राने त्या काळी आपलं काम इमानाने केलं, यात शंका नाही.

चित्राची ही ताकद सरकारलाही शेवटी मान्य करावी लागली. १९७५च्या कायद्याने सिगारेटच्या पाकिटावर आरोग्याला धोका असल्याचा इशारा छापायला लावला, पण तो फक्त शब्दांत. वर्षानुवर्षं तो छापला गेला आणि वर्षानुवर्षं कुणी वाचला नाही. मग २००३ साली नवा कायदा आला आणि ३१ मे २००९पासून तंबाखूच्या सगळ्याच मालावर, म्हणजे बिडीच्या बंडलावरही, इशाऱ्याचं चित्र आलं. एप्रिल २०१६पासून ते वेष्टनाच्या ८५ टक्के जागेवर छापणं बंधनकारक झालं. आमच्या बायका ज्या बिड्या वळतात, त्यांच्याच बंडलावर ते भयंकर चित्र असतं. पोटाचा प्रश्न आणि ते चित्र, दोन्ही त्यांच्या डोळ्यांसमोर. त्या विषयावर पुन्हा केव्हातरी. इथे सांगायचं एवढंच की, नुसत्या शब्दांनी जे जमलं नाही, त्यासाठी सरकारलाही चित्र लागलं.

चित्र आणि शब्द यांची जोडी चांगल्या कामाला लागली, तर काय होतं याचं उदाहरण आपल्या शेजारच्याच जिल्ह्यात आहे. सांगलीकडच्या किर्लोस्करवाडीला लोखंडी नांगर तयार व्हायचे. पण लोखंडाने जमीन नासते, असा शेतकऱ्यांचा समज. तिथले शंकरराव किर्लोस्कर, म्हणजे 'शंवाकि', मुळात चित्रकार. १९२० साली कारखान्याची आणि मालाची माहिती लोकांपर्यंत पोहोचवण्यासाठी 'किर्लोस्कर खबर' सुरू झालं. त्याचंच पुढे 'किर्लोस्कर' मासिक झालं, आणि १९३० साली त्याच घरातून बायकांसाठी 'स्त्री' निघालं. म्हणजे बायकांच्या वाचनाची एक मोठी वाट नांगराच्या प्रचारातून फुटली, असं म्हणायला हरकत नाही. जाहिरात म्हणजे नुसती लबाडी, असं सरसकट म्हणवत नाही ते यामुळेच.

पण याच काळात दुसरीही एक तऱ्हा रुजत होती. १९४१ साली आपल्या लीला चिटणीस लक्स साबणाच्या जाहिरातीत आल्या. भारतीय नटीने लक्सची जाहिरात करण्याची ती पहिलीच वेळ. आता विचार करा, 'हा साबण लावला की तुम्ही लीला चिटणीस व्हाल' असं कुणी लिहिलं असतं, तर आपल्या आज्ज्या पदर तोंडाला लावून हसल्या असत्या. पण तसं लिहायचं कारणच काय? एकीकडे तो चेहरा, एकीकडे साबणाचं नाव. मधली जागा मोकळी. ती मोकळी जागा वाचणारी आपल्या मनातल्या मनात भरते. आणि आपण स्वतःच काढलेल्या अर्थावर आपला जितका विश्वास बसतो, तितका दुसऱ्याच्या सांगण्यावर कधीच बसत नाही.

रोलाँ बार्थ नावाच्या फ्रेंच विचारवंताने १९६४ साली एका पास्त्याच्या जाहिरातीवर लेख लिहिला होता. जाहिरातीत काय, तर बाजारातून आणलेली जाळीची पिशवी अर्धवट उघडी, त्यातून टोमॅटो, कांदा, ढोबळी मिरची बाहेर डोकावतायत आणि त्यांच्यातच पास्त्याची पाकिटं. कारखान्यात तयार झालेला, डबाबंद माल ताज्या भाजीच्या पिशवीत ठेवला की तोही ताजा वाटायला लागतो. बार्थ म्हणतो, एका चित्रातून दहा अर्थ निघू शकतात. त्यांतला जाहिरातदाराला हवा तोच अर्थ पक्का करायचं काम शब्द करतात, जहाजाला नांगराने धरून ठेवावं तसं. आमच्या त्या पावडरीच्या जाहिरातीत कारलं, जांभूळ आणि 'नैसर्गिक' हा शब्द यांचं नातं हेच नव्हे का?

या जोडीतलं चित्र जास्त ताकदवान की शब्द? एक उदाहरण आपल्या सगळ्यांच्या कपाटातलं आहे. 'फेअर अँड लव्हली' १९७५ साली बाजारात आली. एकाच मुलीचे दोन चेहरे शेजारी शेजारी, एक सावळा आणि एक उजळ, हे चित्र बघत आपल्या दोन पिढ्या वाढल्या. 'सावळी असलीस तर तुझं काही खरं नाही' असं लिहायची गरजच पडली नाही. जाहिरात क्षेत्राने स्वतःवर नजर ठेवण्यासाठी १९८५ साली 'अ‍ॅस्की' ही संस्था काढली होती. तिने २०१४ साली नियम केला की, सावळ्या माणसाला दुःखी, निराश किंवा अनाकर्षक दाखवायचं नाही. नियम कशाबद्दल होता बघा, दाखवण्याबद्दल! कंपनीने २०१९ मध्ये पाकिटावरचे ते दोन चेहरे आणि रंगाच्या छटांची पट्टी काढली, आणि २०२० मध्ये 'फेअर' शब्दही गेला. क्रीम 'ग्लो अँड लव्हली' झालं. आधी चित्र गेलं, मग शब्द. तरीही 'वधू पाहिजे'च्या छोट्या जाहिरातीत आजही 'गोरी' लिहिलेलं दिसतंच. तिथे चित्र नसतं, पण चित्राची गरजही नसते. ते एवढ्या वर्षांत आपल्या मनावर पक्कं छापलं गेलंय.

असं मनात आधीच छापलेलं चित्र किती क्रूर असू शकतं, तेही महाराष्ट्राने बघितलंय. १९८०च्या दशकात मुंबईत गर्भलिंगनिदानाच्या जाहिराती उघडपणे झळकत होत्या. आज काही शे रुपये खर्च करा आणि पुढचे हजारो-लाखो वाचवा, असा त्यांचा आशय. कुठले हजारो, कशावरचे, हे कुणाला समजावून सांगावं लागलं नाही. हुंड्याचं, लग्नखर्चाचं चित्र प्रत्येक घरात आधीच टांगलेलं होतं. स्त्री संघटनांनी आवाज उठवला, १९८८ साली महाराष्ट्राने देशातला पहिला कायदा केला आणि १९९४ साली देशभरासाठी कायदा झाला. त्यात अशा जाहिरातीवरही बंदी आहे. नुसत्या कागदावरच्या शब्दांवरच नाही, तर फलक, भिंतीवरचं चित्र, प्रकाश, आवाज, सगळ्यावर.

म्हणजे कायद्याला चित्र कळत नाही, असं नाही. मधुमेहाच्या औषधाबाबत तर १९५४ सालापासून कायदा आहे. औषधे आणि जादुई उपचार यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींवरचा. मधुमेह, कर्करोग, लठ्ठपणा, उंची वाढवणे अशा पन्नासहून अधिक गोष्टींसाठी औषधाची जाहिरात लोकांपुढे करायलाच त्यात मनाई आहे. शिवाय औषधाबद्दल थेट किंवा आडून खोटा समज करून देणं हाही गुन्हा आहे. 'आडून' हा शब्द महत्त्वाचा. लाल फुली मारलेलं पाकीट म्हणजे आडून सांगणंच की!

ग्राहक संरक्षणाचा २०१९चा कायदा २०२०पासून लागू झाला आणि केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण आलं. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंड, पुन्हा केलं तर ५० लाखांपर्यंत. ९ जून २०२२ला प्राधिकरणाने जी नियमावली काढली, ती तर प्रत्येक घरात माहीत असायला हवी. चांदणीची खूण करून तळाला जी टीप देतात, ती दाव्याच्याच भाषेत आणि दाव्याच्याच टाइपात हवी, ठळक जागी हवी, आणि साधारण नजर असलेल्या माणसाला एकदा वाचून कळायला हवी, असं त्यात सांगितलंय. वर दावा मराठीत आणि खाली अटी इंग्रजीत, हे नियमात बसत नाही. आता आजचा पेपर घ्या आणि किती जाहिराती या कसोटीला उतरतात ते मोजा. बोटांवर मोजता येतील.

निकाल लागले की क्लासेसच्या पानभर जाहिराती येतात. पोरांचे पासपोर्ट साइज फोटो, वर मोठा आकडा. आई-बाप कर्ज काढून फी भरतात ते त्या फोटोंकडे बघून. पण त्या मुलाने त्या क्लासमध्ये दोन वर्षं काढली, की नुसती शेवटची फुकट टेस्ट सिरीज दिली, हे फोटो सांगत नाही. म्हणूनच नोव्हेंबर २०२४ मध्ये कोचिंग क्लासच्या जाहिरातींसाठी वेगळी नियमावली आली. निवड झाल्यानंतर मुलाची लेखी परवानगी घेतल्याशिवाय फोटो छापायचा नाही, आणि फोटोसोबत त्याने कुठला कोर्स केला, किती मुदतीचा, फी भरून की फुकट, हे सगळं सांगायचं. चित्राखाली खरे शब्द लिहा, एवढंच त्याचं सार.

अक्षर केवढं आहे, यालाही अर्थ असतो. पतंजलीच्या औषधांच्या जाहिरातींचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात चाललं होतं. एप्रिल २०२४ मध्ये कंपनीने ६७ वर्तमानपत्रांत माफीनामा छापल्याचं सांगितलं, तेव्हा न्यायाधीशांनी विचारलं की, माफीनाम्याचा आकार जाहिरातींएवढाच आहे का? दुसऱ्याच दिवशी मोठा माफीनामा छापून आला. दावा हत्तीएवढा आणि खुलासा मुंगीएवढा, हे चालणार नाही, ही गोष्ट आपल्या घरातल्या मुलांनाही कळावी अशी आहे.

पण कायदा आपल्या दारात येऊन आपल्याऐवजी पेपर वाचणार नाही. म्हणून आम्ही गटात एक साधी रीत सुरू केलीय. दर मीटिंगला कुणीतरी एक जाहिरात कापून आणायची. आधी तळहाताने चित्र झाकायचं आणि नुसते शब्द मोठ्याने वाचायचे. काय वचन दिलंय? बहुतेक वेळा काहीच नाही. मग शब्द झाकायचे आणि चित्र बघायचं. हे काय सांगतंय? दोन्हींचा मेळ बसत नसेल, तर समजायचं की इथे पाणी मुरतंय. शेवटी चांदणी शोधायची. बायका आता चांदणी शोधण्यात तरबेज झाल्यात. एकीने तर प्लॉटच्या जाहिरातीत बाग, कारंजं, झोपाळा असं सगळं बघून विचारलं, "ताई, यात सात-बारा कुठंय?" मला वाटतं, याहून चांगलं परीक्षण कुठला प्राध्यापकही करणार नाही.

जाहिरात फसवी वाटली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. औषधाची असेल तर अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करता येते. कात्रण आणि तारीख तेवढी जपून ठेवा.

आणि वर्तमानपत्रांचं काय? मी हे ज्या पेपरात लिहितेय, तोही जाहिरातींवरच चालतो. नुसत्या अंकाच्या किमतीत एवढी पानं निघत नाहीत, हे मलाही कळतं. पण ज्या पानावर आपण बायकांना आरोग्याचे सल्ले देतो, त्याच पानाच्या खालच्या कोपऱ्यात नाव नसलेला डॉक्टर छापायचा का, हे संपादकांना विचारायचा हक्क वाचकांना आहे. चार बायकांनी पत्रं लिहिली तर चौकशी होते. चाळीस जणींनी लिहिली तर जाहिरात छापायच्या आधी ती होईल.

दुसऱ्यांना बोलताना आपलंही ताट बघावं लागतं. आमच्या गटाने शेंगाचटणी विकायला काढली, तेव्हा लेबल करून देणाऱ्या मुलाकडे कॉम्प्युटरवर तयार चित्र होतं. नऊवारी नेसलेली आजी उखळात चटणी कुटतेय आणि वर 'आजीच्या हातची चव'. दिसायला फारच सुरेख! पण आमची चटणी कांडप मशीनवर होते आणि करणाऱ्या सगळ्या तिशी-चाळिशीतल्या. बराच वाद झाला. "सगळेच असं लावतात की वो," असं दोघी-तिघी म्हणाल्या. त्यावर अंगठा गमावलेली ती बाई, नेहमी गप्प बसणारी, एवढंच म्हणाली, "उखळ दाखवायचं तर उखळ आणा." मग ठरलं. लेबलवर ताटलीत ज्वारीची भाकरी, दही आणि चटणी. खाली शेंगदाणे, लसूण, तिखट, जिरं, मीठ आणि तयार केल्याची तारीख, सगळं एकाच आकाराच्या अक्षरांत. चांदणी नाही.

मैत्रिणींनो, उद्या पेपर आला की एकच जाहिरात निवडा आणि मुलांना जवळ बोलावून चित्रावर हात ठेवा. काय उरतं ते त्यांनाच वाचू दे.